अस्सल जपावी, नक्कल वाटावी

मोबाइलमधल्या फोटोंचे प्रकार प्रत्येक घराने का समजून घ्यावेत

आपल्या समाजात फोटो ही कधीच नुसती शोभेची वस्तू नव्हती. घर दहा बाय दहाचे असो की चाळीतली एकच खोली असो, तथागत बुद्ध आणि बाबासाहेब यांची तसबीर भिंतीवर मानाच्या जागी असते. तिच्या बाजूला आजोबांचा काळापांढरा फोटो असतो. कधी तो समता सैनिक दलाच्या गणवेशातला, कधी गिरणी कामगारांच्या सभेतला. ज्यांच्या पूर्वजांची नावे कोणा बखरकाराने लिहिली नाहीत, ज्यांची चित्रे कोणा दरबारी चित्रकाराने काढली नाहीत, त्यांच्यासाठी असा एक फोटो म्हणजे घराचा इतिहासच होय.

हा इतिहास पूर्वी ट्रंकेत असे, आता तो मोबाइलमध्ये असतो. भीमजयंतीची मिरवणूक, मंगलपरिणय, मुलांचे नामकरण, गुणवंतांचा सत्कार, घरातल्या वडीलधाऱ्यांचे पुण्यानुमोदन, सारे काही मोबाइलमध्ये टिपले जाते आणि क्षणात साऱ्या नातेवाइकांना पोहोचते. ही सोय मोठी आहे. पण तिच्याबरोबर काही तक्रारीही घरोघर ऐकू येतात. गावाहून पाठवलेला आजीचा फोटो मोठा करून पाहिला तर चेहराच ओळखू येत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात फोटो टाकला तर संगणक तो घेतच नाही. जयंतीच्या फ्लेक्सवर कार्यकर्त्याचा चेहरा चौकटीचौकटींचा छापून येतो. मोबाइल बिघडला की लग्नाचे सगळे फोटो जातात.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ बरेचसे एकच आहे. फोटो कोणत्या प्रकारच्या फाइलीत साठवला जातो, पाठवताना त्याचे काय होते आणि कोणत्या कामाला कोणता प्रकार वापरावा, हे आपल्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. ते समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. सातवी-आठवी शिकलेल्या आईलाही ते समजेल, इतके ते सोपे आहे.

ठिगळांची गोधडी

आपल्या आयाबाया जुन्या लुगड्यांचे चौकोनी तुकडे जोडून गोधडी शिवतात. लांबून पाहिले तर नक्षी दिसते, जवळ गेले की एकेक ठिगळ दिसते. मोबाइलमधला फोटो अगदी असाच असतो. तो हजारो-लाखो बारीक चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात.

१९५७ साली अमेरिकेतील रसेल किर्श या संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो पहिल्यांदा अशा रीतीने संगणकात घातला. त्या चित्रात आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके होते, म्हणजे सारे मिळून ३०,९७६. आज आपल्या साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके टिपतो. गुणाकार केला तर एक कोटी वीस लाख होतात.

प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे लिहून ठेवावे लागतात. म्हणजे एका फोटोसाठी तीन कोटी साठ लाख आकडे झाले. ते जसेच्या तसे ठेवले तर एकच फोटो सुमारे ३६ एमबी जागा खाईल. प्रत्यक्षात मात्र फोटोची फाइल तीन-चार एमबीचीच असते. याचे कारण असे की, फोटोची घडी घालून ठेवलेली असते.

ही घडी घालण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत नेसूचे पातळ घडी करून ट्रंकेत ठेवावे तसे होते. उघडले की पूर्ण पातळ पुन्हा हाती येते, एक धागाही कमी होत नाही. दुसऱ्या तऱ्हेत घडी लहान व्हावी म्हणून आतल्या बाजूचे थोडे कापड कातरून टाकले जाते. कातरलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. फोटोच्या फाइलींचे जेवढे प्रकार आहेत ते बहुतेक या दोन तऱ्हांतून निघाले आहेत. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन जी दोन-चार अक्षरे असतात, ती त्या फाइलचा प्रकार सांगतात.

जेपीजी: माणसांच्या फोटोंसाठी

आपल्याला सर्वांत जास्त भेटणारा प्रकार म्हणजे जेपीजी. त्यालाच जेपीईजी असेही लिहितात, दोन्ही एकच. जगभरातील तज्ज्ञांच्या एका गटाने १९८६ पासून काम करून १९९२ साली तो ठरवून दिला. हा कातरणाऱ्या तऱ्हेचा प्रकार आहे, पण कातर फार हुशारीने चालते. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातला ठळक फरक ठेवला जातो आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक फरक टाकून दिला जातो. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून रंगाची माहिती अधिक कातरली जाते.

या युक्तीच्या मुळाशी जे गणित आहे ते एका भारतीयाच्या डोक्यातून निघाले, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. १९४० साली बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत प्राध्यापक होते. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे पैसे मागितले. कल्पना फारच साधी आहे असा शेरा एका परीक्षकाने मारला आणि पैसे मिळाले नाहीत. तरीही त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आज जगात कुठेही जेपीजी फोटो उघडला तरी हेच गणित चालते. कोणी आपल्या कामाला ‘साधे’ म्हटले म्हणून खचून जाऊ नये, एवढा धडा यातून घेण्यासारखा आहे.

जेपीजी माणसांच्या चेहऱ्यांसाठी, निसर्गाच्या दृश्यांसाठी, मिरवणुकीच्या फोटोंसाठी उत्तम. पण अक्षरांसाठी तो तितका चांगला नाही. पांढऱ्यावर काळे अक्षर असले की कडेला मळकट ठिपके उमटतात. मराठीत तर यामुळे घोटाळाच होतो. आपला अनुस्वार म्हणजे एक लहानसा ठिपका. तोच पुसट झाला तर ‘संघ’चा ‘सघ’ होतो आणि ‘वंदना’ची ‘वदना’ होते. विहारातील कार्यक्रमाचे पत्रक दहा ग्रुपमधून फिरून आले की वाचता येत नाही, त्याचे कारण हेच.

पीएनजी: अक्षरांसाठी, आणि एका कुलपाची गोष्ट

अक्षरे, धम्मचक्राचे चिन्ह, मंडळाचा शिक्का, पत्रक, मोबाइलच्या पडद्याचे चित्र म्हणजे स्क्रीनशॉट, या साऱ्यांसाठी पीएनजी हा प्रकार वापरावा. हा पहिल्या तऱ्हेचा, म्हणजे काहीही न कातरणारा. त्यात चिन्हाच्या मागची बाजू पारदर्शकही ठेवता येते. त्यामुळे पीएनजीतले धम्मचक्र निळ्या कापडाच्या रंगावर ठेवले तरी मागे पांढरी चौकट दिसत नाही. माणसांचे फोटो मात्र पीएनजीत ठेवले तर फाइल खूप मोठी होते आणि दिसण्यात फारसा फायदा होत नाही.

हा प्रकार कसा जन्मला ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्याआधी जीआयएफ नावाचा प्रकार फार चालत असे. तो कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने १९८७ साली काढला. त्यात एका चित्रात फक्त २५६ रंग मावतात. हलणाऱ्या छोट्या चित्रांसाठी तो आजही वापरतात. जीआयएफ सर्वांना मोकळा आहे असेच लोक समजून चालले होते. पण त्याच्या घडी घालण्याच्या पद्धतीचे पेटंट युनिसिस या दुसऱ्या कंपनीकडे होते. १९९४ च्या डिसेंबरअखेर जाहीर झाले की, जीआयएफ वापरणारी सॉफ्टवेअरे बनवणाऱ्यांना आता परवाना घ्यावा लागेल, पैसे भरावे लागतील.

तेव्हा जगभरातील संगणक जाणणाऱ्या लोकांनी केवळ नाराजीची पत्रे लिहून हात झटकले नाहीत. १९९५ च्या सुरुवातीलाच एकमेकांशी चर्चा करून त्यांनी कोणाच्याही मालकीचा नसलेला नवा प्रकार आखला. १ ऑक्टोबर १९९६ रोजी त्याला रीतसर मान्यता मिळाली. तोच हा पीएनजी. जीआयएफवरचे अमेरिकेतील पेटंट २००३ साली संपले, पण तोवर लोकांनी आपला मार्ग मोकळा करून घेतला होता. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना या गोष्टीचे मर्म वेगळे समजावून सांगायला नको. पाणी असो की विद्या, सर्वांच्या कामाच्या वस्तूवर कोणा एकाचा पहारा नसावा.

आणखी काही नावे

आयफोनमध्ये २०१७ पासून एचईआयसी नावाचा प्रकार आला. यात फोटो जेपीजीपेक्षा जवळजवळ निम्म्या जागेत मावतो. पण पुष्कळ सरकारी अर्ज आणि जुने संगणक तो ओळखत नाहीत. हल्ली आपली मुले जुना आयफोन विकत घेतात, म्हणून हे ठाऊक असावे. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि त्यात ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले की पुढचे फोटो जेपीजीत निघतात.

वेबपी हा गुगलने २०१० साली काढलेला प्रकार आहे. इंटरनेटवरून एखादे चित्र उतरवले की अनेकदा ते वेबपीत येते. पीडीएफ ही कागदपत्रांसाठी असते. गुणपत्रिकेची दोन पाने, दाखल्याची पुढची-मागची बाजू एकाच फाइलीत बांधता येते. टीआयएफएफ हा १९८६ सालचा जुना प्रकार ग्रंथालये आणि छापखाने वापरतात. त्याची फाइल फार मोठी असते, पण जुने फोटो कायमचे जतन करायला तो चांगला.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फाइलच्या नावापुढची अक्षरे खोडून दुसरी लिहिली म्हणजे प्रकार बदलत नाही. पिशवीवर तांदूळ लिहिले म्हणून आतल्या ज्वारीचे तांदूळ होत नाहीत. प्रकार खरोखर बदलायचा तर फोटो उघडून ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ करून नवा प्रकार निवडावा लागतो.

अस्सल आणि नक्कल

तहसील कचेरीत ज्यांनी हेलपाटे घातले आहेत त्यांना अस्सल आणि नक्कल हे दोन शब्द चांगले माहीत आहेत. अस्सल कागद आपण कोणाच्या हाती देत नाही, नक्कल देतो. फोटोच्या बाबतीतही हाच नियम पाळावा.

कॅमेऱ्याने काढलेली पहिली फाइल ती अस्सल. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लवकर जावा म्हणून त्यातले ठिपके कमी केले जातात आणि जेपीजीची कातर पुन्हा एकदा चालते. पलीकडे जाते ती नक्कल. तिच्यात काहीतरी लिहून, रंग बदलून कोणी ती पुन्हा साठवली की आणखी कातर चालते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की अक्षरे उडत जातात, त्यातलाच हा प्रकार. फोटो नुसता उघडून पाहिला किंवा मेमरी कार्डवर उतरवून घेतला तर मात्र काहीही बिघडत नाही. बिघडते ते बदल करून पुन्हा साठवल्याने आणि आकार लहान करून पाठवल्याने.

फ्लेक्सचेच उदाहरण घेऊ. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत आडवे १६०० ठिपके आहेत असे समजा. तो दहा फुटी, म्हणजे १२० इंची फ्लेक्सवर छापला तर एका इंचात जेमतेम १३ ठिपके येतात. एकेक ठिपका मोहरीच्या दाण्याएवढा होतो, आणि जेपीजीची आठ बाय आठची चौकट अर्ध्या इंचाहून मोठी दिसते. अभिवादन करणाऱ्या माणसाचा चेहरा चौकटीत का फुटतो ते यावरून कळेल. तोच ४००० ठिपक्यांचा अस्सल फोटो असेल तर इंचाला ३३ ठिपके मिळतात आणि लांबून पाहायच्या फ्लेक्सला तेवढे चालून जाते. म्हणून फ्लेक्सवाल्याकडे अस्सल फाइल न्यावी.

अस्सल फाइल दूर पाठवायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटोऐवजी ‘डॉक्युमेंट’ हा मार्ग निवडून तीच फाइल जोडावी. तेव्हा काहीही न कातरता ती जशीच्या तशी जाते. २०२३ पासून फोटो पाठवताना ‘एचडी’ असाही पर्याय मिळतो. त्यात फोटो नेहमीपेक्षा बरा जातो, पण तीही नक्कलच.

अर्ज अडू नये म्हणून

आता मुलांच्या अर्जांविषयी. शिष्यवृत्ती असो, वसतिगृह असो की नोकरीची परीक्षा, फोटो आणि सही ठरावीक मापातच द्यावी लागते. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षांच्या सूचनांत फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी मर्यादा दिली जात आलेली आहे. प्रत्येक ठिकाणचे माप वेगळे असते, म्हणून सूचना आधी वाचाव्यात.

एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी. चार एमबीचा फोटो ५० केबीत बसवायचा म्हणजे तो ऐंशी पट लहान करायचा. पुष्कळ मुले इथे चुकीची वाट धरतात. ठिपके तेवढेच ठेवून कातर जोरात चालवतात आणि मग चेहरा फुटतो. खरी वाट अशी आहे: आधी चेहऱ्याभोवतीचा नको तो भाग कापावा, नंतर ठिपक्यांची संख्या कमी करावी, आणि कातर सर्वांत शेवटी चालवावी. अर्जात २०० बाय २३० ठिपक्यांचा फोटो मागितला असेल तर ते अवघे ४६ हजार ठिपके होतात. एवढे कमी केल्यावर फाइल आपोआपच लहान होते आणि चेहराही स्वच्छ राहतो.

सहीसाठी पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने ठळक सही करावी, दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो काढावा आणि सहीपुरताच भाग कापून घ्यावा. दाखल्यांचा फोटो काढताना कागदाचे चारही कोपरे दिसावेत, शिक्का आणि क्रमांक वाचता यावा. हे सर्व शक्यतो आपल्याच मोबाइलवर करावे. आधार कार्ड, गुणपत्रिका अशी कागदपत्रे अनोळखी संकेतस्थळावर चढवून लहान करून घेऊ नयेत. सायबर कॅफेत काम झाले की तिथल्या संगणकातून आपल्या फाइली पुसून मगच उठावे.

याच संदर्भात जुन्या कागदांची आठवण ठेवावी. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण जात वैधता प्रमाणपत्रासाठी घराण्याचा जुना पुरावा लागतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला मिळाला तर मोठाच आधार होतो. असा कागद जीर्ण झालेला असतो, घडीवर फाटलेला असतो. आज त्याचा स्वच्छ फोटो काढून पीएनजी किंवा पीडीएफ करून ठेवला, तर उद्या नातवाच्या प्रवेशाच्या वेळी शोधाशोध होणार नाही. अर्थात अस्सल कागदही प्लॅस्टिकच्या पाकिटात सपाट ठेवावाच. कचेरीत तोच दाखवावा लागतो.

फोटोच्या पोटातली माहिती

फोटोच्या फाइलीत चित्राबरोबर आणखीही काही लिहिलेले असते. फोटो कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मोबाइलने काढला, आणि लोकेशन चालू असेल तर नेमका कोणत्या जागी काढला, हे सारे त्यात असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती सहसा गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती सोबत जाते.

याला दोन बाजू आहेत. आपल्या मुलीचा घरात काढलेला फोटो अनोळखी माणसाच्या हाती गेला, तर त्यावरून घराचा पत्ता कळू शकतो. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन एरवी बंद ठेवावे आणि अस्सल फाइल विश्वासाच्या माणसालाच पाठवावी.

दुसरी बाजू पुराव्याची. वस्तीवर हल्ला झाला, घर पेटवले, पुतळ्याची विटंबना झाली, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली, तक्रार करताना फोटोचे मोल फार असते. अशा वेळी अस्सल फाइलला हातही लावू नये. तिच्यावर लाल गोल काढू नये, मजकूर लिहू नये, ती कापू नये. ज्या मोबाइलने फोटो काढला तो मोबाइल सांभाळून ठेवावा. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नाही तर अशा पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ खाली अशा प्रमाणपत्राची तरतूद आहे. ग्रुपवर फिरून आलेली नक्कल इथे फारशी कामाची नसते. म्हणून वकिलाला भेटताना मोबाइल आणि अस्सल फाइल सोबत न्यावी. आणि पीडित भगिनीचा फोटो किंवा नाव कुठेही पसरवू नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर तो गुन्हाच आहे.

ट्रंकेतले फोटो बाहेर काढा

बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून केले, म्हणून १९५६ चा तो लोटलेला जनसागर आज आपण पाहू शकतो. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे जुने अंक जपले गेले, म्हणूनच वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९० साली ते पुन्हा छापता आले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या स्त्रियांच्या दारोदार फिरल्या, म्हणून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ झाला. जे जपले तेवढेच पुढे आले. जे जपले गेले नाही ते कायमचे गेले.

आपल्या घरातही असे काही असेल. दीक्षाभूमीवरचा फोटो असेल, नामांतराच्या मोर्चातला असेल, आजीच्या पहिल्या धम्म सहलीतला असेल. तो असा जतन करावा:

१) फोटो स्कॅन करता आला तर उत्तम. तीन बाय चार इंची लहान फोटो इंचाला ६०० ठिपके या मापाने स्कॅन केला तर १८०० बाय २४०० ठिपके मिळतात. पुढे मोठा करून छापायला ते पुरेसे होतात. स्कॅन टीआयएफएफ किंवा पीएनजीमध्ये साठवावा.

२) स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल. फोटो काचेतून बाहेर काढावा, पण काचेला चिकटलेला असेल तर ओढू नये. सावलीतल्या उजेडात ठेवून, फ्लॅश न लावता, सरळ वरून टिपावा. फोटोच्या मागे काही लिहिले असेल तर त्याचाही फोटो घ्यावा.

३) फाइलला नाव द्यावे. ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे, यावरून नातवाला काय कळणार? ‘आजी, चैत्यभूमी, ६ डिसेंबर १९८४’ असे लिहावे. फोटोतली माणसे कोण हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून वहीत लिहून ठेवावे. वर्षे उलटली की सांगणारे राहत नाहीत.

४) एकाच जागी ठेवू नये. एक प्रत मोबाइलमध्ये, एक पेन ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर, आणि एक दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडे. पूर आला, आग लागली, मोबाइल चोरीला गेला, तरी एक तरी प्रत राहील.

५) रंग भरायचे, डाग पुसायचे, ते नकलेवर करावे. अस्सल तशीच ठेवावी.

हे काम एकट्यादुकट्याने करण्यापेक्षा विहारात मिळून केले तर लवकर होईल. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन ऐकायला सारी वस्ती जमते. त्यातला एक रविवार यासाठी द्यावा. प्रत्येक घराने दोन जुने फोटो आणावेत. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ते टिपावेत, आणि आजी-आजोबांनी त्यातल्या माणसांची नावे सांगावीत. मुलांना संगणकाचे ज्ञान आहे, थोरांना माणसांची ओळख आहे. दोघे एकत्र बसले तर वस्तीचा इतिहास एका वर्षावासात उभा राहील.

माणसांचा फोटो जेपीजीत, अक्षरे पीएनजीत, कागदपत्रे पीडीएफमध्ये ठेवावीत. नक्कल हवी तितक्यांना वाटावी, अस्सल मात्र घरात जपावी. एवढे प्रत्येक घराने पाळले तर आपला चेहरा उद्या कोणाला पुसता येणार नाही.

जय भीम!